अमेरिकन सायबाच्या घरांचं इरलं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पावटे सोलणं. ओट्यावर ऊन आलं होतं. मध्ये सूप, एका बाजूला ती, माझी बायको, दुसऱ्या बाजूला मी. तिच्या तीन शेंगा व्हायच्या तेव्हा माझी एक. मी म्हणालो, चाळीस वर्षं गवंडीकाम केलेली बोटं आहेत, त्यांना दगड कळतो, शेंग कळत नाही. ती म्हणाली, "बोटांवर ढकलू नका. आळस बोटात नसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मुंबईहून एक मास्तर येणार होते. इमारती कशा बांधायच्या ते कॉलेजात शिकवणारे मास्तर. आमच्या अमेरिकन सायबानं लोणावळ्याच्या अंगाला जी घरं बांधली त्यांची ते यादी करत होते, आणि त्या कामावरचा जिवंत उरलेला मिस्त्री म्हणून कुणीतरी त्यांना माझा पत्ता दिला होता. त्यांचं कार्ड चार दिवस कोनाड्यात पडून होतं.

"उद्या त्यांना काय सांगणार?" तिनं विचारलं.

"सगळ्यांना सांगत आलो तेच."

"म्हंजे इरल्याचं बी?"

मी सोललेली शेंगच परत सोलायला लागलो. तिनं एक सालपट माझ्या अंगावर टाकलं आणि हसली. "सांगा की. तीस वर्सांच्या वर टिकलंय, आता काय गळत न्हाई."

पावटे झाले. तिनं चहा केला. खांदा धरलाय म्हणून जरा आडवी झाली, आणि ऊन उतरायच्या आत गेली. सांजेला नदीवर नेली. ह्याच्यावर जास्त मला लिहिता येत नाही, आणि ती असती तर म्हणाली असती, येत नाही तर लिहू नका. मी चार यत्ता शिकलेला माणूस. सायबाचं मात्र मला लिहिता येईल. त्यात ती आहेच, आणि हसण्यासारखंही पुष्कळ आहे.

इरल्याचं आधी सांगून टाकतो. इरलं म्हणजे कामट्यांचं आणि पानांचं, डोक्यावरून पाठीवर घ्यायचं पावसाचं पांघरूण. आमच्याकडं भात लावणाऱ्या बाया पावसाकडं पाठ करतात, इरलं पाठीवर ओढतात आणि खाली वाकून खुशाल लावणी करतात. सायबाच्या सगळ्या घरांची पश्चिमेची छपरं तशीच आहेत, पाठीवरून खाली ओढलेली. ही अक्कल माझी, असं लोणावळ्यापासून तळेगावापर्यंत लोक मानतात. ती माझी नाही. तिची आहे. हे मी कधी कुणाला बोललो नव्हतो, आणि उद्या मास्तरांपुढं बोलायचं की नाही, हेच शेंगा सोलताना माझ्या डोक्यात चाललं होतं.

सायब आला तो पहिल्या लढाईच्या आधी. गोरा होता पण इंग्रज नव्हता, आणि हे तो पहिल्याच दिवशी आम्हा सगळ्यांना ओळीनं सांगत सुटला. आम्हाला दोन्ही सारखेच. मला सायब म्हणू नका, असंही त्यानं सांगितलं. आम्ही म्हणालो, बरं सायब.

त्याच्या गावाकडची जमीन म्हणे परातीसारखी सपाट. तिथं एका मोठ्या शहरात मोठ्या तळ्याच्या काठी एका नावाजलेल्या माणसाच्या हाताखाली त्यानं सात वर्षं कागदावर नुसत्या खिडक्या काढल्या. सात वर्षं! दारसुद्धा काढू दिलं नाही. मग कुणा मिशनवाल्यांनी शाळा बांधायला मुंबईला आणला, त्यांच्याशी त्याचं वाजलं, वर तापानं धरलं, आणि डॉक्टरनं हवा बदलायला लोणावळ्याला धाडला. तिथं मुंबईच्या एका शेठशी ओळख झाली. शेठला दरीच्या काठावर बंगला हवा होता. सायबाला काहीही चाललं असतं, खिडकी सोडून.

त्याची काम करायची एक तऱ्हा होती. जागा मिळाली की तो वेताची खुर्ची घेऊन तिथं जाऊन बसायचा. सकाळी इथं, दुपारी तिथं, संध्याकाळी आणखी कुठं. कागद नाही, पेन्सिल नाही. नुसता बसून. ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, दरी कुठून चांगली दिसते, ते अंगाला कळलं पाहिजे म्हणे. आठ दिवस असा बसला. वाटेनं जाणाऱ्या बाया विचारायच्या, कशाची राखण चाललीय? पीक तर काहीच नाही.

तो महिना फाल्गुनाचा. पश्चिमेचा वारा गोड, दरी निळी. सायबानं सगळ्या मोठ्या खिडक्या पश्चिमेला काढल्या, ओळीनं नऊ. वर लांब, सपाटसं छप्पर, त्याच्या गावाकडच्यासारखं. मी तेव्हा साधा गवंडी, भिंतीवरचा. ती बिगारी. बैलानं फिरवायच्या दगडी चाकाच्या घाणीत चुना मळला जायचा, तिथनं ती घमेली भरून भिंतीपाशी आणायची. आमचं लग्न होऊन सहा-सात वर्षं झाली होती. कामावर आम्ही एकमेकांशी बोलायचो नाही. तशी रीतच नव्हती. चुना पातळ झाला तर मी मुकादमाला सांगायचो आणि मुकादम तिला सांगायचा, आणि ती मुकादमाला सांगायची की भिंतीवरच्याला म्हणावं, तुझाच हात जड हाय.

नऊ खिडक्या पाहून ती घरी मला म्हणाली, "सायबाला आखाड कुनी सांगितला न्हाई का?"

मी म्हणालो, शिकलेला माणूस आहे.

"व्हय. फाल्गुनात शिकलाय."

आषाढात आमच्याकडं पाऊस वरून पडत नाही, घाटातून आडवा येतो. आमच्या घरांना त्या बाजूला कुडाला गवत बांधून आडोसा करतात, खिडकी ठेवायचा विचारही कुणी करत नाही. घर राहण्याजोगं झालं त्या आषाढात शेठ बायकापोरांना घेऊन पाऊस बघायला आले, आणि पाऊस त्यांना बघायला थेट दिवाणखान्यात आला. गालिचा पोहला. पियानो होता, त्यातून बेडूक निघाला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शेठ खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते आणि तिथूनच त्यांनी सायबाला सांगितलं, आणखी एक पावसाळा देतो. पुढच्या आषाढात एक थेंब आत आला तर तू तुझ्या मुलखाला आणि हे सगळे आपापल्या घरी. मी दुसरा माणूस आणीन.

सायबाची ती पहिलीच इमारत, सगळी त्याची अशी. गेली असती तर खिडक्यांच्या कारकुनीवर परत जायचं. सायब खचला. त्यानं डांबर लावून पाहिलं, पत्रा ठोकून पाहिला. पत्र्यावर पाऊस असा वाजायचा की आत माणसाला माणसाचं ऐकू येईना. मग तो त्याच पावसात खुर्ची घेऊन बाहेर बसायला लागला. भिजायचा, शिंकायचा, पण उठायचा नाही. आम्हाला हसू यायचं आणि पोटातून वाईटही वाटायचं.

पाऊस उघडल्यावर त्यानं ओल्या मातीचं, त्या बंगल्यासारखंच छोटं घर केलं, फळीवर. रोज त्याचं छप्पर काढायचा, नवं घालायचा, वर झारीनं पाणी मारायचा आणि मान हलवायचा. ती फळी घाणीजवळच्या मांडवात असायची.

एका दुपारी सायब जेवायला गेला होता. बिगारणी मांडवाच्या सावलीत भाकरी खात होत्या, आम्ही गवंडी पलीकडं. मी पाणी प्यायला उठलो तर ती त्या फळीपाशी उकिडवी बसलेली. जुन्या फुटक्या इरल्याचा एक तुकडा तिनं तोडून घेतला होता आणि मातीच्या घरावर पश्चिमेच्या अंगाला ठेवला होता. नीट, तिरपा. छपरापासून निघून खिडक्यांच्या पुढं खाली झुकलेला, खाली फक्त चार बोटं फट. मग ओंजळीत पाणी घेऊन तिनं बाजूनं फटका मारला, जसा आमचा पाऊस मारतो तसा. आत वाकून पाहिलं. कोरडं.

मला पाहून हळूच म्हणाली, "बसलेल्याला दरी दिसंल. उभ्याला कशाला पायजे?" आणि घमेलं उचलून गेली.

मी तिथंच उभा राहिलो. खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात काहीच नव्हतं. तेवढ्यात सायब आला. त्यानं इरल्याचा तुकडा पाहिला. खाली गुडघ्यावर बसला. झारी घेतली, बाजूनं पाणी मारलं. पुन्हा मारलं. मग गाल मातीला टेकवून त्या फटीतून आत पाहिलं, कितीतरी वेळ.

"हे कोण केला?" त्यानं विचारलं. त्याचं मराठी तसंच होतं.

मांडवात तीस-चाळीस माणसं. सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण फळीपाशी मीच. मुकादमानं मला पुढं ढकललं. "हाच हुता हितं, सायब."

ती पाच पावलांवर होती, डोक्यावर घमेलं.

बायकोचं नाव चार माणसांत घ्यायची आमच्यात रीत नव्हती. माझ्या बापानं माझ्या आईचं नाव कधी घेतलेलं मी ऐकलं नाही. म्हणून मी गप्प बसलो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. नाव न घेता बोट दाखवता आलं असतं. मला मिस्त्री व्हायचं होतं. सायबानं माझे दोन्ही हात धरले, चुन्यासकट, आणि हलवले, आणि मी हलवू दिले. त्या दिवसापासून मी मिस्त्री.

घरी गेलो तेव्हा वाटलं, आता भांडण. तिनं ताट वाढलं. समोर बसली. म्हणाली, "मिस्त्री झालात. ब्येस झालं. आता उद्यापास्नं चुना पातळ झाला तर मला तोंडानं सांगायचं, मुकादमाकडनं न्हाई." आणि हसायला लागली. मी म्हणालो, उद्या सायबाला खरं सांगतो. ती म्हणाली, सांगितलंत तर तुमाला काढंल आन मला काय मिस्त्री करनार हाय का? दोघं घरी बसू. गप जेवा.

ते तिचं खरं होतं. पण तिनं मला मोकळं केलं म्हणून मी सुटलो, असं होत नाही.

पुढच्या आषाढात शेठ दिवाणखान्यात मधोमध बसले, मुद्दाम पांढरे कपडे घालून. पाऊस तीन दिवस आडवा मारत होता. आम्ही सगळे बाहेर ओळीनं, सायब इरलं घेऊन खुर्चीवर. हो, सायबानं स्वतःला इरलं करून घेतलं होतं. इरल्यातला अमेरिकन मावळात तो एकटाच. चौथ्या दिवशी शेठ बाहेर आले. कपडे कोरडे. म्हणाले, माझ्या भावालाही असंच घर पाहिजे.

तिथून सायबाचं नशीब उघडलं. भावाचं घर झालं, मग व्याह्याचं, मग कार्ल्याच्या अंगाला एक शाळा. इंदुरीकडं नदीच्या वर एक छोटी दवाखान्याची इमारत. सगळी मिळून अकरा. प्रत्येक जागी खुर्ची, आणि आता वर्षभर, फाल्गुनातही आणि आषाढातही. शेठ लोक चिडायचे, जागा घेऊन सहा महिने झाले, पाया कधी? सायब म्हणायचा, अजून श्रावण बघितला नाही.

वळचण किती खाली आणायची हा प्रश्न प्रत्येक घराला यायचा. बसलेल्या माणसाची नजर जिथून जाते तिथं छपराची कड थांबली पाहिजे. दुसऱ्या घराला सायबानं इकडं तिकडं पाहिलं आणि नेमकं तिलाच बोलावलं. का, तर ती ठेंगणी. खुर्चीवर बस म्हणाला. ती बसेना. नवरा उभा, मुकादम उभा, सायब उभा, आणि बिगारीण खुर्चीवर? सायब हात जोडायला लागला तेव्हा बसली, कडेला, आता पडेल अशी. त्यानं काठी धरली, वर खाली केली. "दरी दिसते?"

"दिसतीया."

"आता?"

"आता न्हाई."

तिथं त्यानं खूण केली. पुढच्या सगळ्या घरांना तिचीच नजर. उंच शेठ लोकांना दरी बघायला मान वाकवावी लागायची. एकानं तक्रार केली तर सायबानं त्याला बुटकी खुर्ची पाठवली. खुर्चीवर बसायची तिला मग सवय झाली. सातव्या घरापर्यंत ती मुकादमाला सांगायला लागली, ऊन लागतंय, जरा सावली धर.

आणि एवढं होऊन सायबाला माहीत नव्हतं. तो मला सगळ्यांपुढं म्हणायचा, हा माझा गुरू. ती मागं उभी असायची आणि पदरात हसायची. घरी माझं काही चुकलं, भाजी खारट म्हणालो, पैरण फाडली, की म्हणायची, या गुरुजी. पोरं मोठी झाली तरी त्यांना कळलं नाही, आई आबांना गुरुजी का म्हणते.

एकदा अमेरिकेतल्या कुठल्याशा मासिकासाठी फोटो काढायला माणूस आला. तिसऱ्या घराच्या वळचणीखाली सायब आणि मी. सायबानं खांद्यावर हात ठेवला. ती चुना घेऊन बाजूनं चालली होती. सहा महिन्यांनी मासिक आलं. सायब, मी, वळचण, आणि फोटोच्या कडेला हवेत एक घमेलं. ती नव्हती, नुसतं घमेलं. तिनं तो फोटो लय वेळ पाहिला आणि म्हणाली, "घमेलं माझंच हाय. मूठ वाकडी हाय न्हवं, मी वळखते." तो फोटो मी घरात लावू म्हणत होतो. लावला नाही.

दुसऱ्या लढाईच्या आधी कामं आटली. शेठ लोकांना आता सिमेंटची घरं हवी होती, गोल कोपऱ्यांची, आगबोटीसारखी. सायब म्हातारा झाला होता. परत जातो म्हणाला. लोणावळ्याच्या स्टेशनावर अकरा घरांचे गवंडी, सुतार, बिगारी, सगळे जमले. त्याच्या गळ्यात हार गुडघ्यापर्यंत. तिनं वाटेसाठी तांदळाच्या भाकरी आणि ठेचा बांधून आणला होता, तो त्यानं तिथंच उघडला आणि आम्हाला वाटत वाटत खाल्ला. मग माझा हात धरून सगळ्यांना म्हणाला, ह्या माणसानं मला घर बांधायला शिकवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी.

ती माझ्या शेजारी उभी होती. आता सांगायचं, असं मी ठरवूनच आलो होतो. गार्डानं हिरवं निशाण दाखवलं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "सायब, तिकडं थंडी असंल. कानाला बांधत जा."

घरी येईपर्यंत ती हसत होती. कानाला बांधा म्हनं. शिवेपाशी थांबून पोट धरून हसली. मीही हसलो. पण त्या रात्रीपासून ते माझ्या छातीत अडकलं, कारण आता सांगायला सायबच उरला नव्हता. त्याची दोन पत्रं आली, इंग्रजीत. त्यानं तिकडं समुद्राच्या काठी स्वतःसाठी तसंच एक घर बांधलं होतं, शेजारी त्याला खुळा म्हणतात आणि पावसात त्याच्याकडंच येऊन बसतात, असं पोस्टमास्तरनं वाचून दाखवलं. तिसरं पत्र आलं नाही.

तर ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आले. टकलू, छत्री, कातडी पिशवी. त्यांना काय माहीत. ओट्यावर भावकी बसलेली पाहून समजले आणि परत फिरायला लागले. थोरला मुलगाही म्हणाला, आज नको आबा, त्यांना पुढच्या महिन्यात बोलवू. माझी बहीण म्हणाली, सुतकात हे कसलं काम.

मी म्हणालो, आजच. मास्तरांना घोंगडीवर बसवलं. त्यांनी वही काढली, चाचरत चाचरत विचारलं की सायबाच्या घरांचं ते खाली ओढलेलं छप्पर प्रसिद्ध आहे, ते तुम्हाला कसं सुचलं?

"मला न्हाई सुचलं," मी म्हणालो.

मग मांडव, फळी, फुटकं इरलं, ओंजळीतलं पाणी, सगळं सांगितलं. मी कसा गप्प बसलो तेही सांगितलं, भावकीपुढं. मास्तरांनी विचारलं, त्यांचं नाव काय? मी तिचं नाव घेतलं. उभ्या जन्मात चार माणसांत पहिल्यांदा. बहिणीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"काम काय करायच्या?"

"बिगारी. चुना वाहायची."

मास्तरांनी लिहिलं. मी म्हणालो, वाचून दाखवा. त्यांनी वाचलं, आधी नाव, मग काम, मग छपराची कल्पना ह्यांची, असं. मी म्हणालो, जरा मोठ्यानं, मागं बसलेल्यांना ऐकू आलं नसेल. त्यांनी परत वाचलं.

मग मी म्हणालो, आता बाकीचं विचारा.